यूटात नवीन आलात? मग एल्डर मंडळींबद्दल थोडं

लीहायला घर घ्या, सँडीला घ्या नाहीतर साउथ जॉर्डनला, सामानाची खोकी उघडून होण्याआधी दारात दोन पोरं येऊन उभी राहणार. पांढरा किंवा फिकट निळा शर्ट, बहुधा टाय, छातीवर काळी नावपट्टी, वय 19-20. विमा विकायला आलेले नसतात. हे चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचे मिशनरी, म्हणजे आपण ज्यांना मॉर्मन म्हणतो ते. 2018 पासून चर्च स्वतःच सांगतं की आम्हाला त्या नावाने ओळखू नका. शेजारीपाजारी बोलताना नुसतं 'चर्च' म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा.

मुलगा असेल तर 'एल्डर', मुलगी असेल तर 'सिस्टर', आणि पुढे आडनाव. पहिलं नाव विचारत बसू नका. मिशन, म्हणजे धर्मप्रचाराचा हा काळ, संपेपर्यंत ते बाजूलाच असतं. मुलांचं मिशन 24 महिन्यांचं, मुलींचं 18. पगार नाही. उलट दरमहा काही शे डॉलर त्यांनी किंवा घरच्यांनी भरायचे, आणि कुठे जायचं ते चर्च ठरवणार. शेजारचा मुलगा ब्राझीलला जातो आणि तुमच्या दारात टोंगा बेटांवरचा येतो. आमच्याकडे आलेल्या अशाच एकाने त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच बर्फ पाहिला होता. आपल्यासारखाच परदेशात आलेला, फक्त वयाने आपल्या पुतण्याएवढा.

त्यांचा दिवस कसा जातो हे माहीत असलं की त्यांच्याशी वागणं सोपं होतं. सकाळी 6:30 च्या सुमारास उठायचं, व्यायाम, न्याहारी, मग धर्मग्रंथांचा अभ्यास. परभाषेत काम असेल तर भाषेचाही. दहाच्या आसपास बाहेर पडायचं. लोकांना भेटायचं, शिकवायचं, कुणाचं अंगण साफ करून द्यायचं, रात्री नऊ-साडेनऊपर्यंत परतायचं आणि 10:30 ला दिवे बंद. सिनेमा नाही, टीव्ही नाही, प्रेमप्रकरण नाही, पोहणंसुद्धा नाही. सोबतच्या मिशनरी जोडीदाराला सोडून एकट्याने कुठे जायचं नाही, आणि तो जोडीदारही आपण निवडायचा नाही. आठवड्यातला एक दिवस, बहुतेक सोमवार, कपडे धुवायला, किराणा आणायला आणि घरी बोलायला. 2019 च्या आधी तर घरी फोन वर्षातून दोनदाच होता, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. आता दर आठवड्याला करता येतो. हे ऐकून माझ्या सासूबाईंना त्या पोरांचा इतका कळवळा आला की त्या प्रत्येक जोडीला जेवायला बसवू लागल्या.

जेवायला खुशाल बसवा. अनोळखी जेवण ही पोरं आनंदाने खातात. मांसाहार चालतो. चहा-कॉफी मात्र चालत नाही, दारू-तंबाखूही नाही. 1833 पासूनचा नियम आहे. तुम्ही अगत्याने आलं घालून चहा ठेवाल आणि ते अवघडून नको म्हणतील. राग मानू नका. कोकम सरबत द्या, ताक द्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी बहुधा त्यांचा उपास असतो, त्या दिवशी दुपारी बोलावू नका.

बायकांसाठी खास सांगते. तुम्ही घरात एकट्या असाल तर एल्डर आत येणार नाहीत, उन्हात दारातच बोलतील. त्यात तुमचा अपमान नाही, संशयही नाही. बाईमाणूस एकटं असेल आणि दुसरा पुरुष घरात नसेल तर आत जायचं नाही, असा त्यांचा नियम आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही. 'सध्या जरा गडबड आहे, पुढच्या आठवड्यात बघू' असं म्हणून आपण सुटलो असं वाटतं. ते सुटणं नसतं. फोनमध्ये तुमचं नाव, पत्ता आणि 'पुढचा आठवडा' अशी नोंद होते, आणि पुढच्या आठवड्यात ते खरंच येतात. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. जोडी बदलते, नोंद तशीच राहते, मग नव्या उत्साहाची नवी पोरं बेल वाजवतात. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ असे वर्षभर 'बघू' म्हणत राहिले आणि शेवटी पडदे ओढून बसायला लागले. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी हसून सांगा: आम्ही हिंदू आहोत, धर्म बदलायचा विचार नाही, धर्माच्या भेटीसाठी येऊ नका, एरवी पाणी प्यायला जरूर या. त्यांना दिवसभर नकार ऐकायची सवय असते, स्पष्ट नकाराने त्यांचा वेळच वाचतो. उत्सुकता असेल तर बिनधास्त ऐकाही, प्रश्न विचारा. फक्त ते बाप्तिस्म्याबद्दल विचारणार हे धरून चाला, कारण त्यासाठीच ते आलेले असतात.

मुलांची काळजी वाटत असेल तर एवढं लक्षात असू द्या: 18 वर्षांखालच्या मुलाला आईवडिलांच्या परवानगीशिवाय बाप्तिस्मा देत नाहीत. शाळेतले मित्र चर्चच्या खेळांना, सहलींना बोलावतील. पाठवायचं की नाही हे घरी आधीच ठरवा, ऐनवेळी वाद नको. आपलं असं काही हवंच असेल तर साउथ जॉर्डनला गणपतीचं देऊळ आहे, मुलांना तिथे न्या.

मदत मात्र मागा. ट्रकमधून सोफा उतरवायचा आहे, बर्फ उपसायचा आहे, असं सांगा. धर्माचं एक अक्षर न काढता तासभर राबतील. त्याबद्दल पैसे देऊ नका, घेणार नाहीत.

शेजारच्या घरातून कुणी मिशनला निघालं तर तुम्हालाही आमंत्रण येईल. रविवारी चर्चमध्ये तो मुलगा थोडं बोलतो, नंतर बहुतेक घरी खाणंपिणं असतं. चर्चमध्ये जायचं नसेल तर सरळ घरी जा, कुणी काही म्हणत नाही. आहेर लागत नाही. बटाटेवडे नेले तर मिरची बेताने घाला. गुलाबजाम नेलेत तर दुप्पट न्या. आणि त्याच्या आईला पुढे अधूनमधून विचारत जा, 'या आठवड्यात फोन आला का?' मग निदान अर्धा तास तरी हाताशी ठेवा.