फिटर पोरांनो, सुरुवात फॅमिली कोस्टरवर करा

आयटीआयमधून फिटर होऊन निघालं की आपल्या मराठवाड्यातल्या पोरांना वाळूज दिसतं, नाहीतर चाकण. अम्युझमेंट पार्कच्या मेंटेनन्सचं नाव कुणी काढत नाही. मी ते काम केलंय. हात तयार व्हायला अशी जागा नाही, त्यातही फॅमिली रोलर कोस्टर, म्हणजे लहान मुलांनाही बसता येईल अशी छोटी कोस्टर मिळाली तर उत्तमच. गोराईच्या एस्सेलवर्ल्डची झिपर डिपर कुणी सहलीत पाहिली असेल, तशी. ते पार्क १९८९ ला सुरू झालं, २०२२ ला बंद पडलं. मी जिथं शिकलो तेही आज बंद आहे.

लहान मुलांची राईड म्हणून चेकिंगमध्ये सूट नसते. गाडीला इंजिन नाही. एकदा वर ओढून सोडली की पुढचा सगळा जोर उंचीचा. ८ मीटरवरून सुटलेली गाडी, घर्षण सोडलं तर, खाली ताशी ४५ किलोमीटरला पोचते.

चाकं तीन तऱ्हेची: रुळावर धावणारी, बाजूनं धरणारी आणि गाडी वर उचलू न देणारी. ही शेवटची रुळाखाली असतात, आडवं पडल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून नवी पोरं तिथंच कंटाळा करतात. तुम्ही आधी तीच बघा. अस्तराला चीर गेलीय का ते बोटानं चाचपा, चाक फिरवून बेअरिंगला कान द्या.

बोल्ट टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं, आवळला की नटापासून प्लेटपर्यंत पेंटची एक सरळ रेघ मारतात. सकाळी ती रेघ तुटलेली दिसली, म्हणजे नट फिरला. पाना लावून गप्प आवळू नका, सुपरवायझरला दाखवा. तो का फिरला हे शोधणं हेच खरं काम. चेनच्या चढावरची टकटक गाडी मागं घसरू न देणाऱ्या खिट्टीची असते. तिचा ताल चुकला तर राईड थांबवायची.

पार्क लांब आहे म्हणून अडू नका. माळेगावच्या यात्रेत पाळणे, ड्रॅगन ट्रेन उभ्या होतात, तेव्हा दोन दिवस आधी जा. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. खांबाखाली लाकडी ठोकळे कसे देतात, लेव्हल पुन्हापुन्हा का तपासतात, ते जवळून बघा.

नोकरीच्या मुलाखतीला गेलात तर रोजच्या तपासणीचं रजिस्टर दाखवा म्हणा. सगळ्या सह्या एकाच पेनानं, एकाच बैठकीत केल्यासारख्या वाटल्या तर पगार कितीही सांगोत, तिथं राहू नका.