छोट्या गाडीनं सह्याद्रीच्या आडवाटा: गाडी कुठपर्यंत, पाय कुठून

काच खाली करून 'पुढे गाडी जाते का?' असं विचारलं, की गावात उत्तर ठरलेलं असतं: 'जाते की!' उत्तर खोटं नसतं. सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बोलेरो पिकअप नाहीतर ट्रॅक्टर असतो, तुमची अल्टो नसते. म्हणून प्रश्न बदला. 'दुधाची ओमनी येते का?', 'रिक्षा जाते का?', 'मधे खाली घासतं का?' असं विचारलं की माणूस थांबून विचार करतो आणि खरं सांगतो: 'त्या वडापर्यंत न्या, पुढं नको.'

'एसटी जाते' हे उत्तर डांबरीपुरतंच धरा. कच्च्या रस्त्यावर मोठ्या चाकांनी चाकोऱ्या खोल झालेल्या असतात आणि मधला वरंबा तसाच उभा असतो. एसटी त्यावरून आरामात जाते. आपलं चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, त्यालाच लागतं.

आणि वडापाशी गाडी लावायला लागली तर वाईट वाटून घेऊ नका. चालायलाच आलोय. शेवटचे दोन किलोमीटर गाडी रेटून जी अर्ध्या तासाची बचत होते, ती एक चेंबर फुटलं की पुढच्या दहा सहलींना पुरून उरेल एवढी वसूल होते.

खाली दिलेलं सगळं पुण्याहून वेल्हे-केळदच्या बाजूला जाणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. तिथे डांबरी, घाट, फरशी पूल, चिखल आणि घाटवाटा असं सगळंच एका दिवसात भेटतं. सातारा रस्त्यानं चेलाडी फाटा, तिथून नसरापूर, मार्गासनी, वेल्हे आणि पुढे केळद. राजगडाला जायचं असेल तर मार्गासनीला वळून साखरमार्गे गुंजवणे. वेल्हे तालुक्याचंच नाव आता राजगड झालंय, तेव्हा 'राजगड' दिसलं की ते किल्ल्याबद्दल आहे की तालुक्याबद्दल, ते बघून मगच वळा. परतताना पाबे घाटानं सिंहगड रस्त्याला उतरता येतं. पेट्रोल आणि हवा हायवेवरच भरून घ्या.

माणसं आणि वजन

छोट्या हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स कागदावर साधारण १६० ते १७० मिलिमीटर असतो. हा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा. चौघं-पाच जण सॅकांसकट बसले की त्यातली दोन बोटं जातात, आणि गाडी उताराच्या तोंडाशी पुढे झुकली की आणखी एक. म्हणून आठ जण दोन गाड्यांत न कोंबता तीन गाड्यांत घ्या. एका गाडीत तिघं ही आडवाटेची योग्य संख्या; चौघं चालतील, पाच नकोत.

सीएनजीवाली गाडी असेल तर टाकीचं वजन आधीच मागे बसलेलं असतं. तिच्यात मागच्या सीटवर एकच माणूस बसवा, सामान पुढच्या सीटच्या पायापाशी ठेवा आणि घाट सुरू व्हायच्या आधी पेट्रोलवर घ्या. सीएनजीवर ओढ कमी पडते, ती नेमकी वळणावरच्या चढाला कळते.

तीन गाड्यांत सगळ्यात बुटकी गाडी मधे. पहिली गाडी रस्ता बघते, शेवटची बाहेर काढायला असते. प्रत्येकानं मागची गाडी आरशात ठेवायची आणि फाटा आला की मागची दिसेपर्यंत थांबायचं. एवढा एक नियम पाळला तर फोनची रेंज गेली तरी कुणी हरवत नाही. रेंज जातेच, म्हणून नकाशा घरूनच ऑफलाइन उतरवून घ्या. आणि नकाशानं 'सात मिनिटं वाचतील' म्हणून दाखवलेली वाट घेऊ नका. ती बहुधा बैलगाडीची असते.

डिकीत काय

स्टेपनी आहे एवढं बघून भागत नाही, तिच्यात हवा आहे का ते बघा. वर्षभर पडून राहिलेल्या स्टेपनीत निम्मीच हवा सापडते. ३५ पीएसआय भरून ठेवा, लावताना कमी करता येते. जॅकखाली ठेवायला फूटभर लांब, इंचभर जाड लाकडी फळी घ्या. तिच्याशिवाय ओल्या मातीत जॅक वर जात नाही, खाली जातो. बाकी चाकाचा पाना, सिगारेट लायटरवर चालणारा हवेचा पंप, पंक्चरच्या वाती, चार-पाच मीटरचा टोचनाचा पट्टा, दोन रिकामी गोणपाटं, खुरपं, हातमोजे, टॉर्च आणि पाच लिटर पाण्याचा कॅन. हल्लीच्या गाड्यांत टोचनाचा हुक वेगळा असतो आणि बंपरमधल्या झाकणामागे आटे फिरवून बसवावा लागतो. तो टूलकिटमध्ये आहे का आणि बसतो का, हे घरीच करून बघा. चिखलात पहिल्यांदा करू नका.

कच्चा रस्ता

चाकोरीत चाक घालायचं नाही. एका बाजूची चाकं मधल्या वरंब्यावर आणि दुसऱ्या बाजूची कडेच्या उंचवट्यावर ठेवायची, म्हणजे गाडीचं पोट चाकोरीवर येतं, वरंब्यावर नाही. तसंच दगडाचं. नवखा माणूस दगड दोन चाकांच्या मधे घेतो आणि तो थेट चेंबरला लागतो. दगड चाकाखाली घ्या, चालण्याच्या वेगानं. टायर वर चढतो, गाडी उचलली जाते, पोट वाचतं. मात्र धारदार कडेचा दगड टायरच्या बगलेला लागू देऊ नका. बगलेला चीर गेली की वातींचं काम संपलं.

अवघड तुकडा आला की सगळ्यांना उतरवा. तिघं उतरले तर दोनशे किलो कमी होतात आणि गाडी डोळ्यांदेखत वर येते. एकानं पाच-सहा मीटर पुढे, तोंड गाडीकडे करून उभं राहायचं आणि हातानं दिशा दाखवायची. एकानंच. चौघं चार बाजूंनी 'घे, घे, थांब, अरे डावीकडे' करायला लागले की ड्रायव्हर कुणाचंच ऐकत नाही.

खालून जोरात 'ठक्क' असा आवाज आला तर पुढे जाऊन बघू म्हणू नका. थांबा, इंजिन बंद करा, वाकून बघा. काळं तेल ठिबकत असेल किंवा डॅशबोर्डवर तेलाचा दिवा लागला असेल, तर ती गाडी पुन्हा सुरू करायची नाही. तेलाशिवायची दोन मिनिटंही इंजिनाला पुरतात. टोचन करूनच आणा. पाण्यासारखं पातळ काही ठिबकत असेल आणि एसी चालू होता, तर ते एसीचं पाणी; सोडून द्या.

चिखलात चाक फिरायला लागलं की पाय वर घ्या. जितकं फिरवाल तितका खड्डा खोल. हॅचबॅकमध्ये ओढ पुढच्या चाकांना असते, म्हणून स्टिअरिंग सरळ करा, पुढच्या चाकांपुढचा चिखल खुरप्यानं काढा, गोणपाट चाकाच्या पोटाखाली दाबून घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायानं क्लच सोडा. पहिल्यात जोर जास्त होतो आणि चाक पुन्हा गरगरतं. ढकलणाऱ्यांनी मागून ढकलायचं, गाडी आणि उताराच्या मधे कुणी उभं राहायचं नाही.

एक जुनी युक्ती: ओल्या, सुट्या खडीचा आखूड चढ सरळ जाता येत नसेल तर वळवून रिव्हर्समध्ये चढवा. चढावर वजन उताराच्या बाजूच्या चाकांवर जातं. उलटं केलं की नेमकी ओढणारी चाकं तिकडे येतात. शेताच्या बांधापाशी, मोकळ्या जागी हे करा. घाटात नको.

घाट आणि पाणी

चढताना एसी बंद, गिअर वेळेआधी पाडायचा. इंजिन रडायला लागल्यावर पाडला तर वेग गेलेला असतो आणि वळणावर हाफ क्लचवर लोंबकळायची वेळ येते. क्लच प्लेटचा जळका वास आला तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. थांबून पुन्हा निघताना हँडब्रेक ओढून, क्लचनं पकड घेऊन गाडीचं नाक उचललेलं जाणवलं की मगच हँडब्रेक सोडा. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा कायद्याचाच नियम आहे. उतरणाऱ्यानं थांबावं.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून 'पेट्रोल वाचवणं' हा घाटातला सगळ्यात महागडा प्रकार. ब्रेक तापतात, पेडल मऊ होतं, आणि इंजिन बंद केलेलं असेल तर ब्रेकचा बूस्टरही जातो.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर आधी बघा: तळ दिसतोय का? दिसत नसेल तर विषय संपला. तळ दिसत असेल आणि वाहतं पाणी घोट्याखाली असेल तर पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, गिअर न बदलता जा. साचलेलं, न वाहणारं पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत चालतं. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं, ड्रायव्हर कितीही कसलेला असो. पाण्यात गाडी बंद पडली तर किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्शनचा जादा विमा नसेल तर तो खर्च सहसा आपल्याच खिशातून जातो. पलीकडे गेल्यावर शंभर मीटर ब्रेक हलके दाबत चला. मागच्या ड्रममध्ये पाणी राहतं आणि पहिला ब्रेक लागतच नाही.

धबधब्याचंही तेच. आपल्या डोक्यावर ऊन असतं, पाऊस वर डोंगरात पडत असतो. पाणी गढूळ झालं, काड्या-पानं यायला लागली की मिनिटभरात बाहेर. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, तेव्हा तिथे उभे राहिलेले सगळे आधी निवांतच होते. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात, निघायच्या आदल्या रात्री ते तपासा.

गाडी लावताना

गावातल्या सगळ्यात मोकळ्या, सपाट, छान जागेवर गाडी लावायची नाही. ती एसटी वळवायची जागा असते. खळ्यावर आणि बांधाच्या तोंडाशीही नाही. कुणाच्या तरी अंगणाशी विचारून लावा, जे मागतील ते द्या, आणि कधी परतणार ते सांगून ठेवा. तुम्ही आला नाहीत हे पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात येणार आहे. पहिला गिअर, हँडब्रेक आणि चाकाला दगड.

फेब्रुवारी ते मे वाळक्या गवतावर गाडी लावू नका. घाट चढून आलेला सायलेन्सर इतका तापलेला असतो की खाली टेकलेलं गवत पेटू शकतं. वणवा कसा लागला याची चौकशी मग गाडीच्या सांगाड्यापासून सुरू होते.

पायवाट

तोरणा हा पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, १४०३ मीटर. वेल्ह्यातून चढाई साधारण सातशे मीटरची. मित्रांच्या गटानं तासाला अडीचशे ते तीनशे मीटर उंची धरावी, म्हणजे अडीच-तीन तास. यात वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा धरायचा. त्याला पुढून दुसरा ठेवा, शेवटी नको. शेवटी ठेवलं की पुढचे थांबून दम खातात, तो पोचला की निघतात, आणि ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही.

केळदचं गणित उलटं आहे आणि तिथेच लोक फसतात. गाडी घाटमाथ्यावर असते. उपांड्या घाटानं कर्णवडीला उतरायचं आणि मढे घाटानं परत वर यायचं, हा सुरेख फेरा आहे. पाच-सहा तास धरा. पण इथे उतार आधी, ताज्या पायांनी, सकाळच्या गारव्यात होतो आणि चढ दुपारी, उन्हात, पाणी संपत आल्यावर. किल्ल्यावर दमलेला माणूस मागे फिरला की उतारच असतो. इथे मागे फिरला तरी चढच. म्हणून सातच्या आत चालायला लागा, माणशी तीन लिटर पाणी घ्या, कर्णवडीत बाटल्या पुन्हा भरा आणि ज्याचा गुडघा उतरतानाच बोलायला लागलाय त्याला पहिल्या अर्ध्या तासातच परत पाठवा, सोबत एक जण देऊन. (तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडावरून उमरठला याच मढे घाटानं नेला, असं सांगतात. चढताना धाप लागली की ते आठवतं.)

वाट चुकते ती ढोरवाटांमुळे. गुरांची वाट रुंद, मळलेली दिसते आणि चरायच्या पदरावर, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर, जाऊन विरते. माणसांच्या वाटेवर प्लास्टिकचा कागद, कातळावर बुटांनी घासून झालेला पांढुरका पट्टा आणि फांदीवर कोयत्याचे जुने घाव दिसतात. दहा मिनिटं यातलं काहीच दिसलं नाही तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत या. नाळेत, म्हणजे कड्यामधल्या उभ्या घळीत, 'खाली गाव दिसतंय' म्हणून उतरू नका. मधला कडा वरून दिसत नाही. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, पावलं आडवी, अंग किंचित पुढे. मागे रेललात की बसलातच. कारवीचा आधार बुंध्याशी, जिवंत काठीचाच घ्या. वाळकी हातात येते.

कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर खाली आरडाओरडा, धूर, उग्र अत्तर काही नको. उठलंच तर पळायचं, हातवारे करत उभं राहायचं नाही. साप चावला तर चिरणं, घट्ट आवळणं, चोखणं बंद. हात-पाय हलू न देता माणसाला उचलून आणा आणि १०८ किंवा ११२ लावा. खाली रेंज नसेल तर डोंगराच्या सोंडेवर चढलेल्याला अनेकदा मिळते. जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, हे सकाळीच बघून ठेवा.

मागे फिरायची वेळ घरून निघतानाच ठरवा. डिसेंबरात सहालाच सूर्य मावळतो, आणि कच्चा रस्ता अंधारात हेडलाइटमध्ये सपाट दिसतो. सावल्या आडव्या पडतात, खड्डे कळत नाहीत. डांबरी लागेपर्यंतचा तुकडा उजेडात संपला पाहिजे, त्यावरून उलट मोजत या.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना गाडी जागेवरून हलवली की खाली फरशीवर एक नजर टाका. तेलाचा ताजा डाग, टायरच्या आतल्या बगलेची चीर, स्टिअरिंग सोडल्यावर एका बाजूला ओढणं, खालून पत्र्याची टणटण: टणटण बहुधा सायलेन्सरच्या पट्टीची असते आणि दहा मिनिटांचं काम असतं. बाकी तीनपैकी काही असेल तर त्याच दिवशी गॅरेज.