पोर्ट ब्लेअर ते अगत्ती: विमानाचं अंतर आणि लागणारा वेळ स्वतःच कसा काढायचा

दिवाळीच्या सुट्टीत अंदमान आणि लक्षद्वीप एकाच फेरीत करूया म्हणणारे आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बरेच भेटतात. करता येतं की, पण ट्रॅव्हलवाल्याकडं जायच्या आधी हा हिशोब स्वतः मांडून बघा.

आधी कोड बघून घ्या. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं, विमानतळाला वीर सावरकरांचं नाव आहे, पण बुकिंगला कोड आयएक्सझेड हाच, आणि आपल्या सांब्र्याचा, म्हणजे बेळगाव विमानतळाचा, आयएक्सजी, म्हणजे फरक फक्त शेवटच्या अक्षराचा, घाईत टाईप करताना जपून. लक्षद्वीपमधल्या अगत्तीचा एजीएक्स.

मग अंतर. पोर्ट ब्लेअरचं रेखांश 92.7, अगत्तीचं 72.2, फरक साडेवीस अंश. विषुववृत्तावर एक अंश 111 किमी असतो, ही दोन्ही बेटं 11 अक्षांशाच्या आसपास आहेत आणि तिथं तो साधारण 109 भरतो, तर गुणाकार केला की 2,235 किमी येतात. गूगल मॅप्सवर सरळ रेघ मारून मोजलं तर 2,240 च्या आसपास दिसेल, म्हणजे हातानं काढलेलं बरोबरच.

आता वेळ. जेट ताशी 800 किमी धरा, वर चढणं-उतरणं याचा अर्धा तास मिळवा, सव्वातीन तास होतात. पण या सव्वातीन तासावर भरवसा ठेवून कुठलंही बुकिंग करू नका, कारण असं थेट विमानच नाही! अगत्तीची धावपट्टी जेमतेम 1,200 मीटर, मोठं जेट तिथं उतरत नाही, पंख्याचं छोटं एटीआर विमान लागतं आणि ते ताशी 500 नं जातं.

म्हणून तुकडे पाडायचे. पोर्ट ब्लेअर-चेन्नई 1,370 किमी, सव्वादोन तास. चेन्नई-कोची 520, सव्वा तास. कोची-अगत्ती 470, एटीआरनं दीड तास. बेरीज 2,360 किमी, म्हणजे सरळ रेषेपेक्षा फक्त 120 जास्त, आणि हवेत पाच तास. खरा वेळ जातो तो मधल्या थांब्यात. अगत्तीला मोजकीच विमानं, तेव्हा कोचीत एक रात्र धरूनच चला, आणि तिकिटं वेगवेगळ्या पीएनआरची असतील तर चेन्नईत बॅग घेऊन परत चेक-इन करावं लागतं, तिथं तीन तास तरी ठेवा.

घड्याळ दोन्हीकडं एकच, पण अगत्तीला सूर्य सुमारे 80 मिनिटं उशिरा उगवतो. पोर्ट ब्लेअरला थंडीच्या दिवसात पाच-साडेपाचलाच अंधार पडतो, फिरायचं सकाळी लवकर उरकून घ्या.

लक्षद्वीपचं परमिट हातात आल्याशिवाय कोची-अगत्ती तिकीट काढू नका. येताना कोचीहून बेंगळूरुला या, तिथून सांब्र्याचं विमान जुळलं तर उत्तमच, नाहीतर रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस रेल्वे आहेच.