सृष्टीच्या सान्निध्यात प्रार्थना कशी करावी

ख्रिस्ती माणूस सृष्टीचा आदर करतो तो ती देव आहे म्हणून नव्हे, तर देवाने ती निर्माण करून 'फार चांगली' म्हटली म्हणून. हा भेद मनाशी स्पष्ट असला, की झाडासमोर शांत बसताना आपण निर्माणकर्त्याला सोडून निर्मितीची उपासना करत आहोत की काय, अशी शंका उरत नाही.

प्रथम एकच जागा निवडावी आणि ती बदलू नये. डोंगर किंवा समुद्रच हवा असे नाही. खिडकीतून दिसणारे झाडही पुरते, किंबहुना ऋतूगणिक त्यात होणारा फरक लक्षात येत असल्यामुळे तेच अधिक बरे. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी अर्धा तास तेथे बसावे. फोन जवळ ठेवू नये. पहिली दहा मिनिटे प्रार्थनेचे शब्दही उच्चारू नयेत, केवळ पाहावे. डोंगरावरील प्रवचनात येशूने पाखरांकडे निरखून पाहण्यास सांगितले आहे, पण आपण बहुधा पाखरे तशीच सोडून चिंता न करण्याच्या उपदेशाकडे धाव घेतो.

त्यानंतर बायबलच्या स्तोत्रसंहितेतील 104 वे स्तोत्र सावकाश वाचावे. त्याच्या 35 ओव्या एका बैठकीत संपवण्याची घाई नको. चार-पाच ओव्या पुरेत. या स्तोत्रात झरे, रानगाढवे, लबानोनचे गंधसरू, घरटी बांधणारे पक्षी येतात, आणि माणूस येतो तो मधेच, जवळजवळ सहज. रात्री सिंहाचे छावे देवाजवळ अन्न मागतात, सूर्य उगवताच ते गुहांत परततात आणि मग माणूस संध्याकाळपर्यंत कामाला जातो. म्हणजे रात्रपाळी त्यांची आणि दिवसपाळी आपली, अन्नदाता मात्र एकच. माझ्या मते सृष्टीतील आपले स्थान याहून नेमकेपणाने क्वचितच सांगितले गेले असेल. वाचनानंतर समोर दिसलेल्या एकेका गोष्टीबद्दल तिचे नाव घेऊन आभार मानावेत.

शेवटची काही मिनिटे पापकबुलीसाठी राखून ठेवावीत. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला एदेन बागेची मशागत आणि राखण करण्यासाठी ठेवले आहे. त्या आठवड्यात आपण काय वाया घालवले आणि कशाची राखण केली नाही, हे मोघम न बोलता सांगावे. निर्गम या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवून तिचे उत्पन्न गरिबांना आणि उरलेले वनपशूंना खाऊ देण्याची आज्ञा आहे. तिला अनुसरून विश्रामाच्या दिवशी खरेदी आणि अनावश्यक प्रवास टाळता येतो.

मंडळीसोबत हे करायचे असल्यास 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा काळ सोयीचा आहे. 1989 मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख धर्मगुरू, कॉन्स्टँटिनोपलचे कुलपिता दिमित्रिऑस यांनी 1 सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला, 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो कॅथलिक चर्चसाठी स्वीकारला, आणि 4 ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिस यांचा सण असतो. सूर्याला भाऊ म्हणणारे स्तुतिगीत त्यांनी आयुष्याच्या अखेरीस, डोळ्यांच्या दुखण्यामुळे प्रकाशही सोसवत नसताना रचले, असे परंपरा सांगते. म्हणून आजारपणात किंवा मन लागत नसलेल्या आठवड्यातही ठरलेली वेळ चुकवू नये. पाहणे जमले नाही तर डोळे मिटून नुसते ऐकावे.