भाड्याचं घर बदलताय? आठवडाभर दोन्ही किल्ल्या हातात ठेवा

पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांचा करार संपत आला, की मालक भाडं वाढवायचा विषय काढतो आणि आपण घरं बघायला लागतो. टेम्पो सगळ्यात शेवटी, आधी पैशाची जुळणी करा. नव्या घराचं डिपॉझिट करार करतानाच द्यावं लागतं आणि जुन्या घराचं ते घर सोडतानाच मिळतं. मधले दिवस दोन्ही रकमा आपल्याच अडकलेल्या असतात. वर ब्रोकर आहेच. एवढी सोय झाल्याशिवाय नोटीस देऊ नका. नोटीस द्याल ती लेखी, आणि त्याआधी जुन्या करारातली नोटीसची मुदत, लॉक-इन (ठरावीक काळ घर सोडता न येण्याची अट) आणि रंगकामाचं कलम वाचून काढा.

मुलं असतील तर घर शाळेच्या बसच्या रूटवर शोधा. बसवाल्या काकांनाच विचारा, नकाशावर विसंबू नका. पाण्याचं मात्र वॉचमनला विचारायचं : "उन्हाळ्यात टँकर किती येतात?" मालक 'पाणी चोवीस तास' म्हणतो, वॉचमन खरं सांगतो.

करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. "नोटरी करून टाकू" म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगा. आधारवरचा पत्ता बदलायलाही हाच करार कामी येतो.

आता मुख्य गोष्ट. नव्या घराचा ताबा जुनं सोडण्याच्या आठवडाभर आधी घ्या. तेवढ्या दिवसांचं भाडं दुप्पट पडतं, पण माझ्या मते ते वसूल होतं. गळका नळ, गीझर, वायफाय, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं रिकाम्या घरात उरकतं. सोसायटीच्या ऑफिसात सामान चढवायची वेळ आणि लिफ्टचे नियमही विचारून ठेवा; रविवारी सामान चढवू न देणाऱ्या सोसायट्या कमी नाहीत.

बांधाबांधीत स्वयंपाकघर शेवटी आवरायचं आणि सगळ्यात आधी लावायचं. फ्रिज आदल्या रात्री बंद करून पुसून घ्या. मिसळणाच्या डब्याचं झाकण चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर हळद चादरींपर्यंत पोचते. एका पिशवीत चहा-साखर, गाळणी, सांडशी, लायटर, एक पातेलं, मुलांचे युनिफॉर्म आणि औषधं. ही पिशवी टेम्पोत नाही, आपल्या हातात. त्याच पातेल्यात नव्या घरी पहिलं दूध उतू घालवता येतं! दागिने आणि कागदपत्रंही आपल्याजवळच.

जुनं घर सोडताना मालकासमोर प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो घ्या. वीजबिल, मेंटेनन्स वळतं करून डिपॉझिटचा हिशोब तिथेच लिहून घ्या आणि पैसे खात्यात आल्याशिवाय किल्ली देऊ नका. 'दोन दिवसांत टाकतो'चे दोन महिने सहज होतात.