नाकाची कॉस्मेटिक शस्त्रक्रिया करून घेण्याआधी या चुका टाळा

नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर जे लोक नाराज होतात, त्यांच्यापैकी अनेकांचा घोटाळा शस्त्रक्रियेच्या टेबलावर झालेला नसतो. तो त्याआधीच मोबाइलच्या पडद्याकडे पाहताना, लग्नाची तारीख काढताना किंवा डॉक्टरांसमोर अर्धवट बोलताना होऊन गेलेला असतो.

मोबाइलपासूनच सुरुवात करू. चेहऱ्यापासून सुमारे 30 सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक चेहऱ्याच्या मानाने जवळजवळ 30 टक्के अधिक रुंद दिसते, असे अमेरिकेतील संशोधकांनी 2018 साली गणिताने दाखवून दिले. दीड मीटरवरून काढलेल्या छायाचित्रात हा फुगवटा उरत नाही. म्हणून सेल्फी पाहून निर्णय घेऊ नये. दुसऱ्या कोणाला तरी पाच फुटांवर उभे करून समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून छायाचित्रे काढून घ्यावीत. ती पाहिल्यावर काही जणांच्या लक्षात येते की खटकते ते नाक नाही, मागे गेलेली हनुवटी आहे, कारण हनुवटी लहान असली की बाजूने पाहताना नाक उगीचच मोठे वाटते.

दुसरी चूक मागणी सांगण्यात होते. ‘नाक चाफेकळीसारखे करा’ किंवा ‘या नटीसारखे करा’ या वाक्यांतून डॉक्टरांना काहीच हाती लागत नाही. बाजूने दिसणारा उंचवटा, हसताना खाली ओढला जाणारा शेंडा, रुंद वाटणाऱ्या नाकपुड्या, यांपैकी नेमके काय खटकते ते ठरवून जावे. आपल्याकडे अनेकांच्या शेंड्यावरची त्वचा जाड आणि आतली कूर्चा, म्हणजे नाकाला आकार देणारे लवचिक हाड, मऊ असते. जाड गोधडीखाली ठेवलेल्या वस्तूचे कोपरे जसे वरून दिसत नाहीत, तसे अशा त्वचेखाली कितीही नाजूक काम केले तरी त्याची रेघ वर उमटत नाही. उलट कूर्चा जास्त कापली तर आधार जाऊन शेंडा बसतो. त्यामुळे नाक ‘लहान’ करण्यासाठी कित्येकदा नाकातल्या मधल्या पडद्याची, कानाची किंवा बरगडीची कूर्चा घालून ते आधी भक्कम करावे लागते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. संगणकावर दाखवलेले भावी नाक संवादापुरते असते, ते वचन मानू नये.

श्वासाकडे दुर्लक्ष ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक आहे. ज्याला आपण सरसकट ‘नाकाचे हाड वाढले’ म्हणतो, तो बहुतेक वेळा वाकलेला मधला पडदा असतो. घरी आरशासमोर एक नाकपुडी बोटाने बंद करून दुसरीने श्वास घ्यावा आणि मग त्याच बाजूचा गाल दोन बोटांनी हलकेच बाहेर ओढून पुन्हा घ्यावा. गाल ओढल्यावर श्वास एकदम मोकळा झाला तर आतली वाट अरुंद असण्याची शक्यता असते, आणि हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे, कारण उंचवटा काढताना योग्य आधार दिला नाही तर हीच वाट आणखी आवळते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नाक नव्याने घडवण्याची विद्या सुश्रुतसंहितेइतकी जुनी आहे, आणि 1794 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने जी हकिकत सचित्र छापली, ती पुण्याकडचीच होती: टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला विटा बनवणाऱ्या जातीतील एका जाणकाराने कपाळाची त्वचा वळवून नवे नाक करून दिले होते. कावसजीजवळ गमावण्यासारखे काही उरले नव्हते. कॉस्मेटिक शस्त्रक्रियेला येणारा माणूस मात्र चालते नाक घेऊन येतो, म्हणून त्याचा धोक्याचा हिशेब वेगळा असला पाहिजे.

‘तंबाखू घेता का?’ या प्रश्नाला सिगारेट न ओढणारे सगळे ‘नाही’ म्हणतात. मिश्री, तपकीर आणि गुटखा यांची कोणाला आठवणच होत नाही. निकोटिन कोणत्याही वाटेने गेले तरी रक्तवाहिन्या आवळते आणि जखम भरणे लांबते, म्हणून शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी आणि नंतरही तितकेच दिवस ते पूर्ण बंद हवे. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, व्हिटॅमिन ई, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या गोळ्या यांनी रक्तस्राव वाढू शकतो. त्यांची यादी, आयुर्वेदिक काढ्यांसह, डॉक्टरांना द्यावी. हृदयविकारासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नये. नाकात पूर्वी फिलरचे, म्हणजे आकार भरून काढणाऱ्या द्रव्याचे, इंजेक्शन घेतले असेल तर तेही लपवू नये.

आता तारखेचा प्रश्न. तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत नाक उरकून डिसेंबरमध्ये बोहल्यावर चढायचे, असा बेत घेऊन येणारे असतात. साधारण आठवड्याने नाकावरची पट्टी निघते तेव्हा आरशात दिसते ते फुगलेले, शेंडा वर उचललेले आणि डोळ्यांखाली पिवळसर डाग असलेले नाक. त्या दिवशी रडू येणे अगदी नेहमीचे आहे. डाग दोन आठवड्यांत जातात, बरीचशी सूज दीड-दोन महिन्यांत उतरते, पण शेंड्याची सूज पूर्ण ओसरायला एक वर्ष आणि जाड त्वचेत त्याहूनही अधिक काळ लागतो. ‘नकटीच्या लग्नाला सतरा विघ्ने’ ही म्हण कितीही निर्दय असली तरी अठरावे विघ्न आपण स्वतः आणू नये: लग्नाआधी निदान सहा महिने, शक्यतो वर्ष हाताशी ठेवावे, आणि नथ कधी घालता येईल हे आधीच विचारून घ्यावे. चष्मा असणाऱ्यांनी चार ते सहा आठवडे त्याचा भार नाकावर पडणार नाही याची सोय करावी. निकाल आवडला नाही तरी दुरुस्तीची शस्त्रक्रिया वर्षभर थांबूनच करायची असते.

पाटीवर ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ लिहिलेले असणे पुरेसे नाही. प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी, अथवा कान-नाक-घशाची एमएस ही पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमधील नोंदणी तपासावी. जुन्या रुग्णांची छायाचित्रे पाहताना महिन्याभरानंतरची नको, वर्षानंतरची मागावीत.

खर्चाबाबत एवढेच, की आरोग्य विमा केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे देत नाही. वाकड्या पडद्याचा खर्च पॉलिसीच्या अटींनुसार आणि प्रतीक्षाकाळानंतर मिळू शकतो. म्हणून दोन्हींचे बिल वेगळे हवे. ‘सगळे पडद्याच्या नावावर दाखवू’ असे कोणी सुचवले तर ती फसवणूक आहे आणि दावा नाकारला गेला तर भुर्दंड आपल्यालाच पडतो.

संमतिपत्रावर सही करण्याआधी नंतरच्या दिवसांविषयीही विचारावे. दोन आठवडे नाक शिंकरायचे नसते, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यायची असते आणि उशा रचून डोके उंच ठेवून झोपायचे असते. नाक चोंदलेले राहणे स्वाभाविक आहे, परंतु दुखणे आणि चोंदणे दोन्ही वाढत चालले, ताप आला, रक्त थांबेना किंवा डोळ्यांना दिसण्यात फरक पडला तर सकाळची वाट पाहायची नसते. पडद्यात साठलेले रक्त वेळेवर काढले नाही तर कूर्चा मरते आणि नाक खचते. तेव्हा रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, त्याचे नाव आणि नंबर आधीच लिहून घ्यावा.