सेल सारखा संपतोय? वायरलेस अलार्म वापरताना या चुका टाळा

"नवा सेल घातला, दोन महिन्यांत खलास. माल डुप्लिकेट दिसतोय." वायरलेस अलार्म बसवायला लागल्यापासून हे इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने तोंड उघडलं की पुढचं वाक्य मीच म्हणतो. क्वचित सेल खरंच बोगस निघतो. एरवी तो बिचारा दुसऱ्याचं पाप फेडत असतो.

आधी छोटा हिशोब. हालचाल टिपणाऱ्या मोशन सेन्सरमधला सीआर१२३ए सेल साधारण १५०० मिलिॲम्पियर-तासांचा. तो ३ वर्षं, म्हणजे २६,२८० तास पुरवायचा, तर सेन्सरने सरासरी ५७ मायक्रोॲम्पियरवर भागवायला हवं. झोपेत असताना सेन्सरला हे सहज जमतं. पण अलार्मच्या मुख्य डब्याला, म्हणजे पॅनलला, निरोप पाठवताना तो काही क्षण याच्या शेकडो पट करंट ओढतो. तेव्हा सेन्सर दिवसातून किती वेळा जागा होतो आणि जागा झाल्यावर किती वेळ बोलत बसतो, तेवढंच बघायचं.

पॅनल लपवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एका दुमजली घरात जिन्यावरचा सेन्सर दर दोन महिन्यांनी सेल मागायचा. पहिल्यांदा मी सेल बदलला. दुसऱ्यांदा दुसऱ्या कंपनीचा घातला. तिसऱ्यांदा अख्खा सेन्सरच बदलला आणि घरच्या काकूंना ऐटीत सांगितलं, "आता वर्षभर बघायला नको." सात आठवड्यांनी काकूंचा फोन: "तुमचं वर्ष संपलं वाटतं."

त्या दिवशी सेलला हात लावला नाही. आधी पॅनलच्या मेनूत सेन्सरचा सिग्नल बघितला, तर एकच दांडी. बसवताना चार होत्या, तसं वहीत लिहिलेलं होतं. पॅनल कुठंय विचारलं, तर काकूंनी खालच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. भिंतीवर बरं दिसत नाही म्हणून पॅनल आत गेलेलं, वायरीसाठी मागून भोक पाडलेलं, सगळं अगदी नीटनेटकं. लोखंडी कपाटातून रेडिओ लहरींना धड बाहेर पडता येत नाही आणि आतही शिरता येत नाही. दुतर्फा बोलणाऱ्या यंत्रणेत सेन्सर निरोप पाठवून पोच यायची वाट बघतो. पोच नाही आली की पुन्हा पाठवतो, वर जोर वाढवून पाठवतो. शिवाय ठरावीक वेळाने 'मी जागेवर आहे' अशी हजेरी लावायची असतेच, घरात कुणी हललं नाही तरी. जिन्यावरचा सेन्सर दोन महिने बहिऱ्याशी ओरडून बोलत होता.

पॅनल जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर परत लावलं. दांड्या चार झाल्या. सेलसाठी त्यानंतर काकूंचा फोन आलेला नाही. मेनू बघायला दोन मिनिटं लागतात, आणि ती मी तीन फेऱ्यांत एकदाही दिली नव्हती. त्यामुळे सगळा दोष कपाटाचा म्हणणार नाही. तेव्हापासून कितीही घाई असो, सेल काढण्याआधी सिग्नल बघतो. फ्रीजच्या मागे, मोठ्या आरशाच्या आड, राउटरच्या डोक्यावर, या जागाही पॅनलसाठी वाईटच.

चार्जिंगचे सेल घालून 'बचत' करणं

ही युक्ती सुचली नाही असा नवशिका मला अजून भेटायचाय. चार्जिंगचा निकेल सेल १.२ व्होल्टचा, साधा अल्कलाइन १.५ चा. सेन्सरची 'लो बॅटरी'ची रेषा बहुधा अल्कलाइन किंवा लिथियम धरून आखलेली असते. त्यामुळे पूर्ण चार्ज केलेला निकेल सेलही त्याला अर्धा संपल्यासारखा वाटतो. याहून वाईट म्हणजे सीआर१२३एच्या आकाराचे चार्जिंगचे लिथियम-आयन सेल. पूर्ण भरल्यावर ते ४.२ व्होल्टपर्यंत जातात आणि सेन्सर ३ व्होल्टचा. सुदैव असेल तर नुसता बिघडतो. माहितीपत्रकात जो सेल लिहिलाय तोच घाला.

मीटरवर आंधळा विश्वास

"मीटर ३.१ दाखवतोय, सेल चांगला आहे." अहो, लिथियम सेल जवळजवळ संपेपर्यंत मोकळा मोजला तर तेवढंच दाखवतो. मी सीआर१२३एला १०० ओहमचा रेझिस्टर जोडून मोजतो. सुमारे ३० मिलिॲम्पियरच्या त्या भाराखाली नवा सेल ३ व्होल्टच्या आसपास तग धरतो, दमलेला डोळ्यांदेखत खाली येतो. बटन सेलवर हा प्रयोग करू नका, त्याला इतका भार झेपत नाही.

आता भराभर. वॉक टेस्ट, म्हणजे घरात चालून सेन्सर टिपतो का ते बघणं, संपली की तो मोड बंद करा. नाहीतर सेन्सर दर पावलाला दिवा लावत आणि निरोप पाठवत राहतो. मोशन सेन्सर हलणाऱ्या पडद्यावर किंवा उन्हाच्या तिरिपेवर रोखू नका. दाराचं चुंबक सेन्सरपासून फार लांब पडलं असेल तर वाऱ्याने दार खडखडलं तरी उघड-मीट नोंदली जाते. जुना-नवा सेल जोडीने घालणाऱ्याला मी काही समजावत नाही, सरळ दोन्ही काढून घेतो. बॅटरीवरचा कॅमेरा रहदारीकडे तोंड करून लावायचा, वर दिवसातून वीस वेळा मोबाईलवर लाइव्ह बघायचं आणि मग बॅटरीची तक्रार करायची, यावर माझ्याकडे उपाय नाही.

बटन सेल मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही कंपन्या त्यावर कडू लेप देतात. काही सेन्सरमध्ये त्या लेपामुळे संपर्क नीट होत नाही आणि नवाकोरा सेलही मेल्यासारखा वागतो. तसं वाटलं तर बिनलेपाचा सेल घालून बघा. जुना सेल मात्र टेबलावर टाकून उठू नका. गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजू शकते.

आणि नवा सेल घालूनही 'लो बॅटरी' जात नसेल, तर तो परत करायला धावण्याआधी एवढं करा. सेल काढा. सेन्सरचा टॅम्पर स्विच (झाकण उघडलं की पॅनलला कळवणारं बटण) चार-पाच वेळा दाबा, म्हणजे आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज निघून जाईल. मिनिटभर थांबा. संपर्काच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा, सेल कडेने धरून बसवा, त्यावर मार्करने तारीख टाका आणि झाकण लावा. मिनिटभर म्हणजे साठ सेकंद. बहुतेक जण दहाव्या सेकंदाला झाकण लावतात आणि मला फोन करतात.